नकाशावरची भांडणं आणि नॉर्वेचं मधलं सरकार

नॉर्वेत एक वाद वर्षानुवर्षं रेंगाळतो आहे. खाली कोम्यूने, म्हणजे नगरपालिका-ग्रामपंचायतीच्या पातळीवरची 357 स्थानिक सरकारं. वर स्टोर्टिंग, म्हणजे संसद. आणि या दोहोंच्या मध्ये फिल्के, ढोबळमानाने आपला जिल्हा. फिल्केचंही एक निवडून आलेलं सभागृह असतं, त्याला फिल्केस्टिंग म्हणतात. वाद असा की हे मधलं सरकार हवं कशाला? हॉयरे आणि फ्रेमस्क्रिट्सपार्टी हे दोन मोठे उजवे पक्ष म्हणतात, मोडीत काढा. ग्रामीण भागात जोर असलेली सेंटरपार्टी म्हणते, आमच्या फिल्केला हात लावाल तर याद राखा. मधले काही म्हणतात, ठेवा, पण चार-चार एकत्र करून मोठी करा. पुढची फिल्के-निवडणूक सप्टेंबर 2027 मध्ये आहे आणि तेव्हा हीच तबकडी पुन्हा वाजणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. थेट निवडून आलेलं मधलं सरकार राहायला हवं, आणि ते किती मोठं असावं हा दुय्यम प्रश्न आहे. खरा प्रश्न त्याच्याकडे काम कोणतं आणि पैसा कोणाचा, हा आहे. मोडणारे आणि वाचवणारे दोघेही नकाशावर रेघा ओढण्यात दंग आहेत आणि या प्रश्नाला बगल देतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फिल्केकडून मोठी कामं काढून घेतली गेली, मग उरलेल्या कामाकडे बोट दाखवून विचारलं गेलं की एवढ्याशा कामासाठी एवढा तामझाम कशाला? ही चलाखी आहे, आणि ती चलाखी म्हणून ओळखली गेली पाहिजे.

आधी यंत्रणा कशी चालते ते पाहू, कारण ती आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखी वाटते आणि नेमकी मोक्याच्या जागी वेगळी निघते. नॉर्वेत सध्या 15 फिल्के आहेत. त्यातलं ओस्लो एकाच वेळी कोम्यूनेही आहे आणि फिल्केही, त्यामुळे ओस्लोकरांना वेगळी फिल्के-निवडणूक नसते. बाकी 14 ठिकाणी दर चार वर्षांनी, सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी, कोम्यूनेबरोबरच फिल्केचंही मतदान होतं. संसदेची निवडणूक त्याच्या अधल्यामधल्या वर्षी, बरोबर दोन वर्षांच्या अंतराने येते. फिल्केत गट नाहीत, गण नाहीत. अख्खं फिल्के एकच मतदारसंघ, पक्षांच्या याद्या, आणि मतांच्या प्रमाणात जागा. प्रत्येक पक्षाची मतं आधी 1.4 ने, मग 3, 5, 7 अशा विषम संख्यांनी भागत जायची आणि मोठ्या भागाकारांना क्रमाने जागा द्यायच्या. किमान अमुक टक्के मतं हवीतच, अशी अट नाही. सभागृहात किती माणसं असावीत याची किमान मर्यादा कायद्याने लोकसंख्येवर बांधली आहे: दीड लाखापर्यंत 19, तीन लाखांच्या वर 43.

मतपत्रिका हातात घेऊन पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. यादीतल्या पसंतीच्या नावापुढे खूण करता येते, पण ती वैयक्तिक मतं मोजली जातात ती त्या उमेदवाराला पक्षाच्या एकूण मतांपैकी निदान 8 टक्के मिळाली तरच. कोम्यूनेच्या मतपत्रिकेवर दुसऱ्या पक्षाच्या यादीतला माणूसही आपल्या यादीत घालता येतो, फिल्केच्या मतपत्रिकेवर नाही. म्हणजे फिल्केत कोण बसणार हे बहुतेक वेळा पक्ष ठरवतात, मतदार नव्हे. हा फिल्केचा कच्चा दुवा आहे आणि त्याकडे मी परत येणार आहे.

निवडून आलेलं सभागृह आपल्यातूनच कार्यकारी समिती निवडतं, तीही पक्षांच्या प्रमाणात, आणि अध्यक्ष तिचं कामकाज चालवतो. म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक एकाच टेबलाशी बसतात. याला पर्याय म्हणून 1999 मध्ये नोर्दलांड फिल्केने मंत्रिमंडळाची पद्धत घेतली: सभागृहाचा विश्वास असलेलं एक छोटं मंडळ राज्य करणार आणि विश्वास गेला की पायउतार होणार. ओस्लोत ती 1986 पासून आहे. कोणतीही पद्धत घ्या, सभागृह मुदतीआधी बरखास्त होत नाही आणि पोटनिवडणूक नसते. जागा रिकामी झाली की यादीतला पुढचा माणूस येतो. हिशेबावर नजर ठेवणारी नियंत्रण समिती सक्तीची आहे आणि तिचा प्रमुख अध्यक्षाच्या पक्षाचा असू शकत नाही. कोणत्याही तीन सदस्यांना एखादा ठराव कायदेशीर आहे की नाही हे सरकारकडून तपासून घेता येतं. फिल्केतल्या 500 रहिवाशांनी सह्या केल्या तर सभागृहाला त्या विषयावर भूमिका घ्यावीच लागते. केंद्राचा माणूस, स्टात्सफोरवाल्टर, त्याच प्रदेशात वेगळं कार्यालय थाटून बसलेला असतो, पण तो फिल्केचा साहेब नाही.

हे शेवटचं वाक्य सहज लिहिलं गेलं, पण ते घडायला जवळजवळ एकशे चाळीस वर्षं लागली. 1837 च्या कायद्यांनी नॉर्वेच्या शेतकऱ्यांना आणि शहरांना स्थानिक कारभार दिला तेव्हा खालच्या पातळीवर खरीखुरी निवडून आलेली मंडळं आली. पण जिल्ह्याच्या पातळीवर ग्रामीण कोम्यूनेंचे प्रमुख जमायचे आणि राजाचा अधिकारी त्यांच्यासमोर असायचा. विसाव्या शतकातही फिल्केचं सभागृह कोम्यूनेंनी पाठवलेल्या प्रतिनिधींचं होतं आणि प्रशासनाचा प्रमुख सरकारी अधिकारीच. लोकांनी थेट मत देऊन फिल्केस्टिंग निवडलं ते पहिल्यांदा सप्टेंबर 1975 मध्ये. त्यापाठोपाठ फिल्केला स्वतःचं प्रशासन आणि कराचा स्वतःचा वाटा मिळाला. मराठी वाचकाला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. वसंतराव नाईक समितीने 1961 मध्ये जिल्हा परिषद थेट निवडून यावी आणि कलेक्टर तिच्या बाहेर ठेवावा अशी शिफारस केली, आणि 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात तशा जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. जिल्ह्याच्या पातळीवर थेट निवडणूक आणणं, सरकारी अधिकाऱ्याला तिथून बाजूला सारणं, या बाबतीत महाराष्ट्र नॉर्वेच्या तेरा वर्षं पुढे होता. (पुढे 2022 पासून कितीतरी जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या, हेही त्याच कहाणीतलं. नॉर्वेत चार वर्षं संपली आणि निवडणूकच झाली नाही, असं कोणाला सांगितलं तर तो चेष्टा समजेल.)

आता मोडणाऱ्यांची बाजू, आणि ती दुबळी मुळीच नाही. पंचावन्न-छप्पन्न लाखांच्या देशात तीन पातळ्यांवर निवडून आलेली सरकारं जास्त होतात, असं ते म्हणतात. मुंबईच्या निम्म्याहून कमी माणसांसाठी एवढी सभागृहं, हे ऐकताना ते पटतंही. रस्त्यातल्या माणसाला विचारा, तो आपल्या कोम्यूनेचा प्रमुख सांगेल, पंतप्रधान सांगेल. फिल्केच्या अध्यक्षाचं नाव विचारलं तर आढ्याकडे पाहील. मतदान 2019 मध्ये सुमारे 60 टक्के होतं, त्याच दिवशी झालेल्या कोम्यूनेच्या मतदानापेक्षा काही टक्क्यांनी कमी. आणि जे मत पडतं ते बरंचसं देशपातळीवरच्या वाऱ्याने पडतं: ओस्लोतल्या सरकारवर राग असेल तर तो फिल्केत निघतो.

यात आणखी एक मुद्दा आहे जो मला सगळ्यांत भारी वाटतो. सर्व पक्ष एकत्र बसून कारभार करतात तेव्हा जबाबदार कोण? शाळा बंद झाली तर कोणाला पाडायचं? ज्या पक्षाने विरोधात मत दिलं तोही त्याच समितीत होता. जिथे शिक्षा कोणाला करायची तेच कळत नाही तिथे निवडणूक हा उपचार उरतो. हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच मंत्रिमंडळाची पद्धत जास्त फिल्केंनी घ्यावी असं मला वाटतं. पण हे कारभाराच्या रचनेवरचं उत्तर आहे. सभागृहच नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मतदानाच्या आकड्याचं तर अगदीच वेगळं आहे. शेजारच्या स्वीडनमध्ये 20 प्रादेशिक परिषदा निवडल्या जातात आणि तिथे 80 टक्क्यांच्या वर मतदान होतं. स्वीडिश माणूस प्रदेशावर जास्त प्रेम करतो म्हणून? नाही, तिथे ही निवडणूक संसदेच्या निवडणुकीच्याच दिवशी होते म्हणून. एवढ्यावरून संस्थेची लायकी ठरवायची तर उद्या नॉर्वेने दिवस बदलला की फिल्के एकदम लाडकं ठरेल. स्वीडनच्या प्रदेशांची खरी ताकद दुसरीकडे आहे. दवाखाने त्यांच्याकडे आहेत आणि नागरिकाच्या उत्पन्नातले साधारण दहा-बारा टक्के कर म्हणून ते स्वतः ठरवून घेतात. ज्याच्याकडे आपली शस्त्रक्रिया आणि आपला पैसा आहे त्याचं नाव माणूस लक्षात ठेवतो.

नॉर्वेत दवाखाने फिल्केकडेच होते. 1 जानेवारी 2002 रोजी ते सरकारने काढून घेतले. याच्या बाजूची कारणंही खरी होती: नव्वदच्या दशकात फिल्के आणि केंद्र एकमेकांवर ढकलत बसायचे, फिल्के म्हणायची पैसा अपुरा, केंद्र म्हणायचं तुम्ही उधळता, आणि अखेर संसद दरवर्षी जास्तीचे पैसे ओतायची. उत्तर टोकाच्या, पाऊण लाख माणसांच्या फिन्मार्क फिल्केने प्रत्येक गुंतागुंतीची शस्त्रक्रिया स्वतः करावी, हेही शहाणपणाचं नव्हतं. पण दवाखाने गेले ते कोणाकडे? मंत्र्याने नेमलेल्या संचालक मंडळांच्या प्रादेशिक आरोग्य कंपन्यांकडे. आणि मग राजकारण संपलं का? म्योरे ओ रोम्सडाल फिल्केत नवा संयुक्त दवाखाना मोल्देजवळच्या येल्सेटला बांधायचं 2014 मध्ये ठरलं आणि क्रिस्तियानसुंडमध्ये आगडोंब उसळला. त्या शहराच्या लोकांना मत देऊन पाडायला कोणी नव्हतं, कारण निर्णय घेणारे निवडून आलेलेच नव्हते. फिन्मार्कमधलं सर्वांत मोठं गाव आल्टा. दवाखाना हामरफेस्टला, 140 किलोमीटरवर, आणि मध्ये सेन्नालांडेटचं पठार, जे हिवाळ्यात वादळाने बंद पडतं. बाळंतीण घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेला त्या पठारावर बर्फ फेकणाऱ्या गाडीच्या मागे रांगेत थांबावं लागणं म्हणजे काय, हे आल्टाच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आल्टाकरांनी काय केलं? पासियेंटफोकुस नावाचा पक्ष उभा केला, जवळजवळ या एकाच मागणीवर, आणि 2021 मध्ये देशाच्या संसदेत एक जागा जिंकली. जिल्ह्यात सुटायचा प्रश्न सोडवायला जिल्ह्यात सभागृह राहिलं नाही, म्हणून तो देशाच्या संसदेत जाऊन बसला. मधली पायरी काढली की भांडण मिटत नाही, एक पायरी वर चढतं.

आणि ही एकच गोष्ट काढून घेतली असती तरी ठीक होतं. 2004 मध्ये फिल्केकडची बालकल्याणाची कामं गेली. मग 2010 मध्ये सरकारला एकदम फिल्केची आठवण झाली, आणि सुमारे 17,000 किलोमीटर राष्ट्रीय रस्ते, त्यांच्यावरच्या फेरीबोटींसकट, फिल्केच्या गळ्यात घालण्यात आले. आज देशातले जवळजवळ निम्मे सार्वजनिक रस्ते फिल्केचे आहेत: दरडी कोसळणारे कडे, गळके बोगदे, म्हातारे पूल. देखभालीचा थकलेला हिशेब अब्जावधी क्रोनरमध्ये जातो. चांगलं ते आपल्याकडे ठेवायचं आणि मोडकं ते खाली ढकलायचं, ही कोणत्याही राजधानीची जुनी सवय.

तरीही उरलेलं काम क्षुल्लक आहे का? दहावीनंतरची तीन-चार वर्षांची शाळा, विदेरेगोएंदे, ही पूर्णपणे फिल्केची. सोळा ते एकोणीस वयाची जवळपास सगळी मुलं. प्रवेश कसे द्यायचे, दहावीच्या गुणांवर की जवळच्या शाळेत आधी, हे प्रत्येक फिल्के स्वतः ठरवतं. महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशाच्या याद्या लागताना ज्याने आपल्या घरात रात्री जागवल्या आहेत त्याला हा प्रश्न किती राजकीय असतो ते सांगायला नको. गुणांवर प्रवेश दिले की शहरातल्या एकदोन नामांकित शाळा उकळत्या पाण्यासारख्या होतात आणि उपनगरातल्या शाळांत फक्त नापासाची भीती असलेली मुलं उरतात. जवळच्या शाळेचा नियम लावला की घर कुठे आहे त्यावर शिक्षण ठरतं. दोन्ही बाजूंना खरे युक्तिवाद आहेत. 2021 पर्यंतच्या उजव्या सरकारने सगळ्या देशावर गुणांची पद्धत लादायचं ठरवलं होतं, नंतरच्या सरकारने ते मागे घेतलं आणि निर्णय पुन्हा फिल्केकडे राहिला. हाच तर निवडून आलेल्या माणसांनी मतदारांसमोर उभं राहून घ्यायचा निर्णय! त्याशिवाय बस, फेरीबोटी, बेटांच्या वेगवान बोटी, मुलांची मोफत दंतसेवा, मासळीशेतीचे परवाने. होर्डालांड फिल्केने दशकभरापूर्वी फेरीबोटींच्या निविदांत प्रदूषण कमी करण्याची कडक अट घातली आणि पश्चिम किनाऱ्यावर विजेवर चालणाऱ्या फेरीबोटी धडाधड आल्या. ते ओस्लोतल्या कोणा मंत्र्याने सुचवलेलं नव्हतं.

मोडणारे यावर म्हणतात: ठीक, पण हे सगळं कोम्यूने करू शकतील. ओस्लो नाही का करत? ओस्लो करतं, खरं आहे. बर्गनही करू शकेल. 1972 पर्यंत बर्गन हे स्वतंत्र फिल्केच होतं. पण रोगालांड फिल्केच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात उट्सिरा नावाचं बेट आहे, सुमारे दोनशे वस्तीचं, आणि ते एक पूर्ण कोम्यूने आहे. (1925 च्या निवडणुकीत या बेटाने 12 पैकी 11 जागांवर बायका निवडून दिल्या होत्या, तेव्हा बेटावर स्थानिक लोकशाही कळत नाही असं कोणी म्हणू नये.) तिथली मुलं दहावीनंतर बोटीने हाउगेसुंडला जातात आणि तिथेच खोली घेऊन राहतात. ती शाळा आणि ती बोट दोनशे माणसं चालवणार? अर्थातच नाही. मग उत्तर येतं: शेजारच्या कोम्यूने मिळून एक संयुक्त मंडळ करतील आणि त्यावर आपापले प्रमुख पाठवतील. जरा थांबा. कोम्यूनेंचे प्रमुख मिळून जिल्ह्याचा कारभार करणार? ही तर 1975 च्या आधीची व्यवस्था! जी मोडायला एवढी वर्षं लागली, तीच मागच्या दाराने घरात घ्यायची आणि तिला सुटसुटीतपणा म्हणायचं. फरक एवढाच की तेव्हा निदान एकच मंडळ होतं. आता शाळेचं एक, बोटीचं दुसरं, कचऱ्याचं तिसरं, आणि एकावरही मतदाराचा थेट ताबा नाही.

खर्चाच्या युक्तिवादालाही हीच गत येते. फिल्केचा पैसा जातो तो शिक्षकांच्या पगारात, बसच्या करारांत, रस्त्यावरचा बर्फ काढण्यात. फिल्के मोडलं म्हणून मुलं शाळेत जायची थांबत नाहीत. वाचेल ते सभागृहाचे भत्ते आणि काही कार्यालयं. दात कोरून पोट भरत नाही.

डेन्मार्कने हा प्रयोग करून दाखवला आहे, आणि नॉर्वेतला कोणीही मोडणारा त्याचा पुढचा भाग सांगत नाही. 2007 मध्ये डेन्मार्कने जुने जिल्हे मोडले, पाच प्रदेश केले, कर लावायचा अधिकार काढला, दहावीनंतरच्या शाळा केंद्राकडे गेल्या, रस्ते वाटून टाकले. प्रदेशाकडे मुख्यतः दवाखाने उरले. नॉर्वेने दवाखाने काढले आणि शाळा-रस्ते ठेवले, डेन्मार्कने शाळा-रस्ते काढले आणि दवाखाने ठेवले; आणि दोन्हीकडे काही वर्षांत तोच प्रश्न आला, एवढ्यासाठी वेगळं सरकार कशाला? 2019 च्या आरंभी तिथल्या सरकारने प्रदेशच बरखास्त करायचा प्रस्ताव मांडला. त्या वर्षी सरकार पडलं म्हणून तो बारगळला. आता 2027 पासून पाचाचे चार होत आहेत. अर्धं काम काढून घेतलेलं सरकार टिकत नाही, ते सतत पुढच्या कापाकापीची वाट पाहत राहतं.

इथे वाचवणाऱ्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. 2020 मध्ये उजव्या सरकारने 19 फिल्केंची 11 केली (त्यातलं ट्रोंडेलाग 2018 मध्येच जोडलं होतं). स्वीडनच्या सीमेवरच्या हाल्डेनपासून गाइलोच्या डोंगरांपर्यंत पसरलेलं, ओस्लोला वेढणारं वीकेन नावाचं बारा लाखांचं फिल्के जन्माला घातलं. त्याच्या पहिल्याच सत्ताधारी आघाडीने स्वतःचं फिल्के मोडायचा कार्यक्रम हाती घेतला. फिन्मार्कने 2018 मध्ये स्वतः सार्वमत घेतलं, 87 टक्के लोक शेजारच्या ट्रोम्सशी जोडायच्या विरोधात गेले, तरी जोडलं. ही दांडगाई होती, यात शंका नाही. विलीनीकरणाचं समर्थन असं होतं की मोठ्या फिल्केला मोठी कामं देऊ. 2018 मध्ये एका तज्ज्ञ समितीने सरकारी खात्यांतली हजारो पदं फिल्केकडे वळवायला सुचवलंही. प्रत्यक्षात त्यातलं फारच थोडं खाली आलं. नकाशा बदलला, काम तेच राहिलं. मग 2021 ला सरकार बदललं आणि सेंटरपार्टीने जिंकल्याचा गुलाल उधळत वीकेन, वेस्टफोल्ड ओ तेलेमार्क आणि ट्रोम्स ओ फिन्मार्क ही तीन फिल्के 1 जानेवारी 2024 पासून पुन्हा फोडली. जुनी नावं, जुनी चिन्हं परत आली. आणि काम? तेच. ज्यांनी दांडगाईविरुद्ध एवढी लढाई केली त्यांनी जिंकल्यावर एकही मोठी जबाबदारी, एकही नवा कर-अधिकार मागून घेतला नाही. फिन्मार्कच्या माणसाला फिन्मार्क परत मिळालं, पण आल्टाचा दवाखाना कोणी ठरवायचा हे अजून ओस्लोतच ठरतं. तसंच जोडलेल्या इनलांडेट फिल्केत लोकांनी किंचित बहुमताने फुटायला कौल दिला, आणि सभागृहाने एका मताने न फुटायचं ठरवलं. या एका मताबद्दल तिथे अजून तावातावाने बोललं जातं. त्याच सभागृहाने शाळांबद्दल काय ठरवलं याबद्दल फार कमी.

याद्यांचा कच्चा दुवा मी वर सांगितला. अख्खं फिल्के एक मतदारसंघ असल्याने लांबच्या खोऱ्याला स्वतःचा माणूस नसतो. असला तर पक्षाने यादीत वर घेतला म्हणून. आपल्या गटाचा सदस्य पाच वर्षं दाराशी येतो अशी सवय असलेल्या मराठी माणसाला हे विचित्र वाटेल. पण त्याची दुसरी बाजूही बघावी. गटाच्या सदस्याला आपल्या गटातला रस्ता दिसतो, शेजारच्या गटातली शाळा नाही. लहान शाळा बंद करायची की नाही, या प्रश्नावर प्रत्येक खोरं स्वतःसाठी लढेल आणि कोणीतरी अख्ख्या फिल्केचा विचार करायचा असतो. मी असतो तर 8 टक्क्यांची अट काढली असती आणि याद्या तशाच ठेवल्या असत्या. एक गोष्ट मात्र निखळ कौतुकाची. तीन वर्षं सलग नॉर्वेत राहिलेल्या परदेशी नागरिकाला कोम्यूने आणि फिल्केच्या निवडणुकीत मत आहे, 1983 पासून. स्टाव्हांगरच्या तेलकंपनीत भारतीय पासपोर्टवर काम करणारा पुण्या-नाशिकचा माणूस आपल्या बसचं तिकीट आणि मुलाची शाळा ठरवणाऱ्या सभागृहासाठी मत देऊ शकतो, संसदेसाठी नाही. फिल्के मोडलं की त्याच्या हातातली ही एक मतपत्रिका जाते आणि तो निर्णय अशा संयुक्त मंडळाकडे किंवा अशा मंत्र्याकडे जातो ज्याच्यासाठी तो मतच देऊ शकत नाही. मोडणाऱ्यांच्या गणितात या लोकांचा आकडा कुठे धरलाय का?

पैशाचा मुद्दा शेवटी ठेवला, कारण तो सर्वांना अवघड जातो. फिल्केचं उत्पन्न मुख्यतः दोन वाटांनी येतं: आयकराचा एक वाटा आणि केंद्राचं अनुदान. आयकराच्या वाट्याचा दर फिल्केने ठरवावा असं कागदावर आहे, पण त्याची कमाल मर्यादा संसद दरवर्षी ठरवते आणि सगळी फिल्के कमाल दरच लावतात. म्हणजे कागदावरचा अधिकार कागदावरच. 2016 मध्ये नॉर्वेच्या संविधानात वाक्य घातलं गेलं की स्थानिक बाबी निवडून आलेल्या स्थानिक संस्थांमार्फत चालवण्याचा लोकांना हक्क आहे. फार चांगलं वाक्य. पण ज्या सभागृहाला पैसा वाढवताही येत नाही आणि कमी करण्याची हिंमतही करता येत नाही, त्याने मतदाराला सांगायचं काय? आम्हाला मिळालं तेवढ्यात भागवलं, एवढंच.

कमाल मर्यादा काढा, किंवा निदान एका टक्क्याच्या एका भागाची मोकळीक द्या, असं कोणी म्हटलं की लगेच आक्षेप येतो: अकेर्सहुस श्रीमंत, फिन्मार्क गरीब, दरी वाढेल. दरी कमी करायची यंत्रणा नॉर्वेकडे आधीच आहे, कराच्या उत्पन्नाचं समानीकरण अनुदानातून होतं, आणि ती मोकळिकीबरोबर चालू राहू शकते. पश्चिम किनाऱ्यावरच्या वेस्टलांड फिल्केतल्या मतदाराला जर सांगितलं की पाव टक्का जास्त दिलात तर अमुक खोऱ्यातल्या रस्त्यावर दरडीपासून संरक्षण होईल, तर तो हो म्हणेल की नाही ते मला ठाऊक नाही. पण 2027 च्या सप्टेंबरात त्याला तो प्रश्न विचारला गेला तर फिल्केच्या अध्यक्षाचं नाव त्याच्या लक्षात राहील. तेव्हा वेस्टलांडमध्ये मत मागायला येणाऱ्या हॉयरेच्या, आर्बायडरपार्टीच्या (म्हणजे मजूर पक्षाच्या), सेंटरपार्टीच्या उमेदवारांना नकाशाबद्दल काही विचारू नये. दर किती ठेवाल, आणि त्या पैशातून कोणता रस्ता आधी, एवढंच विचारावं.